नीलमची गाडी आणि पोखरीचा उतार

नीलमला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या तमाशाच्या फडाच्या जनरेटरशेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती. घोडेगावची जत्रा होती. गवळणीतल्या मावशीचं सोंग मी करायचो, त्यामुळे डोईवर पदर आणि पदराखाली मिशा अशा अवतारात मी तंबूमागे चहा पीत होतो. फडाचा किराणा पुनमचंदशेठच्या दुकानातून यायचा. त्या सामानाबरोबर शेठची ही फ्रॉकमधली पोर आली होती.

"याला काय होतं?" तिनं मला विचारलं.

"कुणाला गं?"

"या मशीनला. आत दिवे लागले की याचा आवाज जड होतो. दिवे विझले की हलका होतो. हा दमतो का?"

मी पदर सावरून मावशीच्या आवाजात म्हणालो, "अगं बाई, एवढ्या तंबूला उजेड पाजायचा म्हणजे दमणार नाही तर काय! तू पाजून बघ!"

वायरमन खो-खो हसला. ती हसली नाही. तिनं त्याच वायरमनला पुन्हा पुन्हा दिवे लावायला आणि विझवायला लावले. मॅनेजर शिव्या देत आला तेव्हा कुठे ती थांबली. माझ्या विनोदाला न हसलेलं गिऱ्हाईक मी सहसा विसरत नाही.

त्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. मोजली की माझंही वय बाहेर पडतं. माझं गाव येडगाव, पण फड सुटल्यापासून मी शिनोलीला लेकीकडे असतो. समोर रस्त्याला लागून पुनमचंदशेठचं गोडाऊन आहे. भीमाशंकरकडे जाणाऱ्या गाड्या, गोडाऊनमधली पोत्यांची चढउतार हा माझा रोजचा खेळ. प्रेक्षक मी एकटा, पण खुर्ची पहिल्या रांगेतली.

एका हिवाळ्यात त्या खेळात नवं पात्र आलं. गोडाऊनच्या दारात शेठची जुनी पिकअप ठोकळ्यांवर चढवलेली, तिचं बॉनेट उघडं आणि खाली कुणाचे तरी पाय दिसत होते. मी काठी टेकत गेलो.

"कोण आहे रे आत? गाडी विकत घेतली का नुसतीच उघडलीय?"

पाय सरकले. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस, केस मागे घट्ट बांधलेले. "गेणभाऊ? तुम्ही मावशी ना?"

इतक्या वर्षांनी मला माझ्या सोंगावरून ओळखणारं कुणी भेटलं की मी लगेच त्याच्या मालकीचा होतो. मी तिथंच एक पोतं ओढून बसलो आणि पुढचे काही महिने उठलोच नाही म्हणा ना.

नीलम इंजिनिअर झाली होती. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांची इंजिनं तपासायचं काम तिनं बरीच वर्षं केलं होतं. लग्न करून पुण्यात राहायचं की नाही यावरची घरातली बोलणीही थंडावली होती. आता ती नोकरी सोडून आली होती, आणि आली होती ती बापाच्या एका वाक्यामुळे.

ते वाक्य असं. शेठच्या आजोबांपासून या घराची डोंगराची फेरी चालू आहे. राजस्थानातून आलेला तो माणूस बैलांच्या पाठीवर मीठ-गूळ घालून पोखरीच्या वाटेनं वर जायचा आणि हिरडा, तांदूळ, नाचणी घेऊन खाली यायचा. पुढे बैलांच्या जागी जीप आली, जीपच्या जागी पिकअप. पण पोखरीचा घाट आहे तसाच राहिला. भरलेली गाडी वर चढताना इंजिन तापायचं, डिझेल भसाभस जायचं. बाकीच्या व्यापाऱ्यांनी घाटावरचा तळेघरचा बाजार सोडला होता. शेठ एक दिवस जेवताना म्हणाले, "पावसाळ्याआधी फेरी बंद करू. गाडी विकून टाकू."

नीलमनं त्यांच्याकडून आखातीजपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत मागून घेतली. आखातीजनंतरच्या बाजाराला गाडी भरून वर गेली, खाली आली आणि टाकीतल्या तेलात फरक दिसला, तर फेरी चालू. नाहीतर गाडी होती तशी जोडायची, विकायची, आणि नीलमनं चाकणची वाट धरायची. शेठनं मान हलवली. ते शब्द कमी वापरतात आणि वापरलेला परत घेत नाहीत.

"पण करणार काय आहेस?" मी विचारलं.

"हायब्रिड." ती म्हणाली. "डिझेलचं इंजिन राहील. जोडीला विजेची मोटर. चढाला दोघं मिळून ओढतील. बाजारात गर्दीत हळूहळू जायचं असेल तर एकटी मोटर. उताराला मोटरच वीज तयार करून बॅटरीत भरेल."

"उताराला कशी भरेल?"

"सायकलचा डायनामो पाहिलाय ना? आत्ता काय होतं, चढताना डिझेल जाळून गाडी वर नेतो. उतरताना तोच सगळा जोर ब्रेक दाबून घालवतो. ब्रेक तापतो, संपलं. तो जोर मोटरला फिरवू दे. वीज झाली की ती पुढच्या चढाला."

मला माझ्या भाषेत समजल्याशिवाय समाधान होत नाही. मी म्हणालो, "म्हणजे शाहीर आणि सुरत्या. शाहिरानं ओळ टाकायची, दम लागला की सुरत्यानं मागून उचलायची. शाहीर एकटाच गायला तर मध्यरात्रीच्या आत घसा बसतो."

यावर मात्र ती हसली. "बरोबर. पण सुरत्यानं कधी उचलायचं, हे कोण ठरवतं?"

मी आठवून सांगितलं. आयुष्यभर सुरत्यांच्या पुढे उभा राहिलो, पण ते कुणीच ठरवत नाही असं वाटायचं. शाहिराचा श्वास ऐकून तो उचलतो. नीलमनं हे मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिच्यासाठी हाच तर खरा प्रश्न होता. नुसती मोटर आणि बॅटरी बसवणं काही अवघड नाही, ती म्हणायची. मोठी बॅटरी घातली तर तिचंच ओझं घाटात ओढावं लागतं. लहान घातली तर उतार संपायच्या आत ती भरून जाते आणि उरलेला उतार वाया. मोटर कुठे जोडायची, त्यावर तर ती आठवडाभर जेवताना बोलत होती.

शेवटी तिनं मोटर पुढे, इंजिनाच्याच तोंडाशी पट्ट्यानं जोडली. कारण सांगितलं ते मला पटलं: तिथं बसवली की गाडीचे गिअर इंजिनाला जसे मदत करतात तसे मोटरलाही करतात. पहिल्या गिअरमध्ये लहानशी मोटरही पैलवान होते. प्रयोगाच्या गाडीची रीतसर परवानगी तिनं आधीच काढून ठेवली होती.

तिची आई कस्तुरबाई अधूनमधून गोडाऊनवर यायच्या. त्यांचं वर्षीतप चालू होतं. वर्षभर एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी दोनदा जेवण, आणि आखातीजला उसाच्या रसानं पारणं. त्या गाडीकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या इंजिनानं पण तप धरलं म्हणायचं. घडीभर जेवतं, घडीभर उपास."

"आणि पुण्य बॅटरीत जातं, आई," नीलम म्हणाली.

होळीनंतर गाडी रस्त्यावर आली. नीलमनं स्वतः चालवून पोखरीचा घाट चढून-उतरून आणली. पायथ्याच्या डिंभ्याला पोचेपर्यंत बॅटरी छान भरली होती. ती इतकी खूश होती की मला भजी खायला घातली.

मग गाडी रामदासच्या हाती दिली आणि भानगड सुरू झाली.

रामदास वरच्या आहुप्याकडचा. कोवळ्या वयापासून शेठच्या गाडीवर. घाटातलं एकेक वळण त्याला घरच्या उंबऱ्यासारखं ठाऊक. बाजार करून तो खाली आला तेव्हा बॅटरी रिकामी. पुढच्या बाजाराला पुन्हा रिकामी. नीलमनं सगळ्या तारा तपासल्या, स्वतः चालवून आणली. बॅटरी भरली. रामदासनं नेली. रिकामी.

"ताई, गाडी मला वळखत न्हाई," रामदास म्हणाला. "तुमचा हात लागला की पोट भरती, माझा लागला की रुसती."

"रुसायला ती काय तुझी बायको आहे?" मी म्हणालो.

"बायकोचं कारण तरी कळतंय, गेणभाऊ. हिचं लई अवघड."

नीलमला वाटलं, ओझ्याचा परिणाम असेल. तिनं पोती भरून स्वतः चालवलं, बॅटरी भरली. मग ती रामदासच्या शेजारी बसून गेली. तो चालवत होता, आणि बॅटरी भरली! आता तर तीही चक्रावली. तोच घाट, तीच गाडी, तोच ड्रायव्हर. ती शेजारी असली की भरते, नसली की नाही. आमच्या फडात अशा गोष्टींवर लिंबू-मिरची बांधून मोकळे व्हायचे. नीलम मात्र रोज नवीन शंका काढून ती स्वतःच खोडायची. आखातीज जवळ येत चालली होती. शेठ रोज संध्याकाळी यायचे, गाडीकडे पाहायचे आणि परत जायचे. एका गिऱ्हाइकानं गाडी पाहूनही ठेवली होती.

त्या आठवड्याच्या बाजाराला मी रामदासला म्हटलं, "मला पण ने रे वर. फार दिवसांत तळेघर पाहिलं नाही."

"या की मावशीबाई. रिकामं शीट हाये."

जाताना त्याला जुन्या वगातले संवाद म्हणून दाखवले, येताना लावणी. लंकाबाई नावाची एक म्हातारी हिरड्याचं गाठोडं घेऊन बाजारात बसली होती. रामदासनं तो हिरडा घेतला तेव्हा तिनं विचारलं, "शेठ फेरी बंद करनार म्हन्त्यात, खरं का?" रामदासनं मान वळवली. मोठ्या गाड्या टेम्पोभर माल असेल तरच उचलतात. लंकाबाईचं गाठोडं उचलणारी गाडी ही एकच.

उतरताना घाटाच्या तोंडाशी मी लावणीचं दुसरं कडवं धरलं. रामदास ताल धरून मान डोलवत होता. आणि गाडी एकदम शांत झाली. इंजिनाचा गोंगाट खाली बसला, खिडकीतून नुसता वारा. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी वाहत होती, आणि माझा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. कितीतरी वर्षांत असा ऐकला नव्हता. दोन वळणं मी मनापासून गायलो.

संध्याकाळी नीलमला मी हेच सांगायला गेलो. "पोरी, तुझी गाडी चढाला घुमते, पण उताराला काय शांत होते! देवळात बसल्यासारखं वाटतं."

नीलमनं पाना खाली ठेवला. "शांत? उताराला?"

"एकदम. गाणं म्हणावं तर तिथंच."

"गेणभाऊ, उताराला गाडी शांत होता कामा नये. मोटर वीज करते तेव्हा इंजिन गुरगुरतं. तुमचा जनरेटर जड व्हायचा तसं." ती उभी राहिली. "रामदासभाऊ!"

रामदास हात पुसत आला.

"उताराला तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकता का?"

रामदासनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "टाकतो की. समदेच टाकत्यात. गिअर काढला की गाडी आपल्या वजनानं उतरती, डिझेल वाचतं."

"मी शेजारी होते तेव्हा नाही टाकलं."

"तवा तुमी व्हता ताई. मालकाच्या लेकीला घेऊन कुनी गाडी मोकळी सोडतं व्हय?"

सगळं उलगडलं. मोटर इंजिनाच्या तोंडाशी. गिअर काढला की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. चाकं आपली फिरतात, मोटर आपली बसून राहते. घाटाच्या माथ्यावर रामदासचा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जायचा, आणि सगळा उतार पुन्हा ब्रेकमध्ये जळून जायचा.

शेठ दारात उभे होते, मागे कस्तुरबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रामदास त्यांच्याकडे वळून म्हणाला, "शेठ, मी काय चोरी न्हाई केली. तुमीच शिकवलं व्हतं. पहिल्या फेरीला शेजारी बसून सांगितलं, उताराला देव ढकलतो, तिथं डिझेल कशाला जाळायचं."

"सांगितलं होतं," शेठ म्हणाले. "मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं." मग लेकीला विचारलं, "किती वाचलं असेल गं त्यानं इतक्या वर्षांत?"

नीलम हाताचं ग्रीस पुसू लागली.

"सांग ना."

"पप्पा, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनात डिझेल जातच नाही. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं जातं."

"म्हणजे?"

"वाचलं काहीच नाही. थोडं जास्तच गेलं."

कस्तुरबाईंचा त्या दिवशी उपास होता, तरी त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "दोन पिढ्यांची काटकसर!" त्या म्हणाल्या. शेठच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि या माणसाच्या बाबतीत ते टाळ्यांच्या कडकडाटासारखं धरायचं.

त्यांनी लगेच तोडगा काढला. "आता सोपं आहे. रामदास, उद्यापासून गिअर काढायचा नाही."

रामदासनं जीव तोडून प्रयत्न केला. नीलम मागच्या पोत्यांवर बसून पाहत होती, मीही होतो. माथ्यावर त्याचा हात दांड्याकडे गेला, त्यानं मागे घेतला. पुन्हा गेला, पुन्हा मागे. हाताकडे लक्ष देता देता एका वळणावर त्याचं रस्त्यावरचं लक्ष सुटलं आणि समोरून एसटी आली. गाडी कड्याच्या बाजूला कशीबशी थांबली. रामदास स्टेअरिंगला डोकं टेकून म्हणाला, "ताई, तुमी शेजारी नसला की हात माझा ऱ्हात न्हाई. त्यो घाटाचा हाय."

नीलम खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. मला वाटलं, खचली. जवळ गेलो तर ती मातीत काडीनं रेघा ओढत होती.

"मोटर मागे घेते," ती म्हणाली. "गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे लांब दांडा जातो, त्याच्यावर. मग त्यांनी गिअर काढला तरी चाकं मोटरला फिरवतच राहतील."

"मग हे आधीच का नाही केलंस?"

"कारण तिथं गिअरची मदत मिळत नाही. चढाला मोटर कमी पडेल. साखळी आणि दातेरी चक्रं घालून तिला थोडा जोर देता येईल, पण कागदावर माझी पहिली गाडीच चांगली होती, गेणभाऊ."

"कागदावरचा वगही चांगलाच असतो," मी म्हणालो. "रंगाला येतो तो नटाच्या तोंडात बसेल तसा लिहिलेला."

मंचरला एका लेथवर तिनं चक्रं करून घेतली. आखातीजला कस्तुरबाईंचं पारणं झालं, घर पाहुण्यांनी भरलेलं, उसाचा रस सगळ्यांना वाटला. नीलमनं तो गोडाऊनमध्ये गाडीखाली पडूनच प्यायला. साखळी ताणायची राहिली होती.

बाजाराचा दिवस उजाडला. गाडी भरली. पुढे रामदास, शेठ आणि नीलम. मी मागे पोत्यांवर, वजनाला. डिंभ्यापर्यंत सगळं ठीक. घाट सुरू झाला आणि गाडीचा वेग उतरत चालला. साखळी किरकिरायला लागली. माथ्याखालच्या अवघड वळणावर गाडी इतकी मंदावली की मागच्या जीपवाल्यानं हॉर्नचा सपाटा लावला. "अरे पावणं, ढकलू का?" तो ओरडला.

"ढकल की, पण आधी तुझी जीप कुनाकडं ठेवशील?" मी मागून ओरडलो.

आतून शेठचा आवाज आला, "मी उतरू का?"

"बसा, पप्पा." नीलम म्हणाली. तिचा आवाज ताठ होता, पण मानेची शीर मला काचेतून दिसत होती.

रामदासनं पहिला गिअर टाकला. इंजिन घुमलं, मोटरचा बारीक सूर त्यात मिसळला, आणि गाडी एकेक वीत करत वळण चढली. पूर्वीपेक्षा हळू, पण इंजिन न तापता. तळेघरला लंकाबाईनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. शेठ म्हणाले, "खाली गेल्यावर सांगतो."

उतरताना माथ्यावर रामदासचा हात दांड्यावर गेला. या वेळी कुणी अडवलं नाही. गिअर निघाला, गाडी शांत झाली, पण मोकळी सुटली नाही. पाठीमागून कुणीतरी पदर धरावा तशी ती आवरून चालली.

"ताई, ही धरतीया!" रामदास म्हणाला. "ब्रेक चिकटला का काय?"

"मोटर धरतेय. ब्रेकला पाय कमी लावा."

नीलम बॅटरीच्या मीटरकडे पाहत होती. शेठनं मीटरकडे एकदाही पाहिलं नाही. डिंभ्याला पोचल्यावर ते म्हणाले, "थांबव."

खाली उतरून ते मागच्या चाकाशी वाकले आणि आत, ब्रेकच्या लोखंडाजवळ तळहात नेला. रामदास घाबरून म्हणाला, "शेठ, भाजंल!" घाट उतरून आलेल्या भरल्या गाडीच्या त्या लोखंडावर पाणी टाकलं तर चर्र होतं, हे तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. शेठनं बोट टेकवलं. मग पूर्ण हात टेकवला आणि तसाच ठेवला. कोमट होतं; उताराचा जोर या वेळी ब्रेकमध्ये जळला नव्हता.

बराच वेळ ते वाकूनच होते. त्यांची कंबर दुखते, तरी. मग उठून हात धोतराला पुसला; टाकीतलं तेल बघायला मागितलंच नाही.

"रामदास, लंकाबाईला फोन लाव. म्हणावं हिरडा वाळवून ठेव."

"वर रेंज नसती, शेठ."

"मग पुढच्या बाजारी मीच सांगतो."

नीलमनं हे ऐकलं नाही. ती गाडीखाली शिरली होती आणि आतून विचारत होती की साखळीचा आवाज डावीकडच्या वळणांनाच जास्त का येतो.